परदेशातून कास्टिंग मागवताना डिलिव्हरीचं शेड्यूल कसं बांधता? आमच्या तारखा कधीच जुळत नाहीत

पर्चेसवाला

नमस्कार मंडळी. व्हॉल्व्ह बॉडी आणि पंप केसिंगची कच्ची कास्टिंग (साच्यात ओतलेले लोखंडी भाग) आम्ही परदेशातल्या एका फाउंड्रीकडून घेतो, ग्रे आयर्न (साधं ओतीव लोखंड) आणि एसजी आयर्न (आत ग्राफाइट गोल असलेलं, जास्त चिवट) दोन्ही, मशिनिंग आमच्याकडे. चौदा आयटम आहेत, त्यातली एक एसजीची बॉडी सगळ्यात जास्त चालते, आठवड्याला सरासरी 200 नग, कधी 150 कधी 250, एक नग 18 किलोचा. बाकीचे तेरा मिळून आठवड्याला अडीच टनाच्या आत-बाहेर, त्यात काही असे की महिन्याला 40 नग लागले तरी खूप.

सिस्टिममध्ये लीड टाइम 14 आठवडे टाकून ठेवलाय. पीओ (खरेदीची ऑर्डर) गेली की 14 आठवड्यांनी माल दारात, असं कागदावर. प्रत्यक्षात कधी 12 व्या आठवड्यात येऊन पडतो तेव्हा स्टोअरवाले ओरडतात ठेवायचं कुठे, कधी 17 होतात तेव्हा असेंब्लीवाले माझ्या टेबलापाशी येऊन उभे. महिन्याला एक 20 फुटी कंटेनर, 24 टन गच्च भरून, कारण भाडं वसूल झालं पाहिजे असा नियमच आहे आमच्याकडे. फाउंड्रीला मेल टाकला की उत्तर ठरलेलं, "शिपमेंट ऑन टाइम", आणि पॅकिंग लिस्ट हातात आली की कळतं मोठी बॉडी जास्तीची भरलीय आणि बारके पाच आयटम गायब. म्हणजे कंटेनर वेळेवर पण पंप काही होत नाही.

साहेबांचं म्हणणं एकच, लीड टाइम 14 वरून 10 वर आणून घ्या त्यांच्याकडून, म्हणजे सगळं सुटेल. मला ते पटत नाहीये पण का पटत नाहीये ते नीट सांगता पण येत नाहीये. सेफ्टी स्टॉक, म्हणजे अडीनडीचा राखीव माल, किती ठेवायचा, फाउंड्रीला नुसती पीओ द्यायची का आठवड्यावारी शेड्यूल, आणि एक नवीन केसिंग सुरू होतंय त्याचा पॅटर्न (वाळूत साचा उठवायचा नमुना) अजून बनायचाय, त्याची तारीख प्रॉडक्शनला काय सांगू? अनुभवी लोकांनी जरा सविस्तर लिहा.

रनर_रायझर

मी पलीकडच्या बाजूचा आहे, फाउंड्रीत प्लॅनिंग बघायचो, बराचसा माल एक्स्पोर्टचा. तेव्हा फाउंड्रीच्या आत काय चालतं ते सांगतो, मग तुमचे पाच आयटम का गायब होतात ते आपोआप कळेल.

तुमचे 14 आठवडे म्हणजे एक आकडा नाही, त्यात ढीगभर गोष्टी कोंबल्यात. अठरा किलोची बॉडी करायला खरा वेळ किती लागतो? कोअर (आतली पोकळी राखणारा वाळूचा गाभा) तयार असेल तर मोल्डिंग, ओतणं, थंड होणं, नॉकआउट (साचा फोडून नग काढणं), शॉटब्लास्ट (छर्रे मारून साफ करणं), फेटलिंग (जादा कडा घासणं), तपासणी, हे सगळं आठवडाभरात उरकतं. समुद्राचे चार-पाच आठवडे धरा, दोन्ही बाजूंचं बंदर आणि कस्टम्स मिळून अजून दोनेक. उरलेले सहा-सात आठवडे कुठे गेले? रांगेत. तुमचा पॅटर्न रॅकवर पडून आपल्या नंबरची वाट बघत असतो.

आणि रांग लागते त्याला कारण असतं, दरवेळी कोणी टाळाटाळच करतं असं नाही. पॅटर्न चढवायचा-उतरवायचा म्हणजे लाइन थांबते. दुसरं म्हणजे ग्रे आणि एसजी वाटेल तसं आलटून-पालटून ओतता येत नाही, एसजीच्या धातूला मॅग्नेशियमची ट्रीटमेंट द्यावी लागते आणि ती दिल्यावर साधारण दहा-पंधरा मिनिटांत लॅडल (ओतायची बादली) रिकामी झाली पाहिजे, उशीर झाला तर मॅग्नेशियम उडतं, ग्राफाइट गोल राहत नाही आणि अख्खी लॅडल बाद. शिवाय एसजीचे रनर-रायझर (ओतल्यावर नगाला चिकटून उरणारे जादा तुकडे) परत वितळवताना ग्रेच्या चार्जमध्ये (भट्टीत घालायच्या मालात) मिसळले तर केमिस्ट्री बिघडते. म्हणून बहुतेक ठिकाणी एसजीचे दिवस वेगळे, ग्रेचे वेगळे, आणि त्या दिवसात ज्याचे नग जास्त त्याचा नंबर आधी. तुम्ही आठवड्याला 200 म्हणता, फाउंड्रीवाला मनात महिन्याची 800 ची एक रन बघतो. 40 नगाच्या आयटमसाठी लाइन थांबवायला सुपरवायझरचा हात धजत नाही, कारण त्याला संध्याकाळी टनात हिशोब द्यायचा असतो, आयटममध्ये नाही. मग तो आयटम पुढच्या एसजीच्या फेरीत जातो, तिथून अजून पुढच्या. शेवटी कंटेनर तर भरायचाय, तुम्हीच सांगितलंय गच्च भरा, मग भरतात मोठी बॉडी.

तेव्हा डिलिव्हरीची तारीख विचारणं बंद करा. त्यापेक्षा विचारा, हा पॅटर्न कोणत्या आठवड्यात लाइनवर चढणार. या प्रश्नाला गोल गोल उत्तर देता येत नाही.

नुसत्या पीओवर चालवत असाल तर रोलिंग शेड्यूल सुरू करा, तीन भागांत. पहिले सहा आठवडे पक्के, आयटम आणि नग दोन्ही, तुम्ही पण हलवायचं नाही त्यांनी पण नाही. पुढचे सहा आठवडे टन पक्के, एसजी इतके आणि ग्रे इतके, पण कोणता आयटम किती ते इकडचं तिकडे चालेल. त्याच्यापुढे नुसता अंदाज. फाउंड्रीला स्क्रॅप, पिग आयर्न, रेझिन, भट्टीची क्षमता हे सगळं टनावर ठरवायचं असतं, त्यामुळे टन पक्का मिळाला की त्यांचं अर्धं काम झालं. आणि पक्क्या भागातली ऑर्डर तुम्ही रद्द केली तर ओतलेल्या मालाचे पैसे कोण देणार हे आधीच लिहून टाका, नाहीतर तो "पक्का" शब्द कोणी मनावर घेत नाही.

आणि दर आठवड्याला आयटमवारी तीनच आकडे मागवा: ओतले किती, फेटलिंग होऊन पास किती, पॅक किती. 800 ओतले आणि पास 610 असं दिसलं तर तुम्हाला सात-आठ आठवडे आधी कळलं की 190 कमी पडणार. आत्ता ते तुम्हाला पॅकिंग लिस्ट बघून कळतंय.

सरळ_बोलतो

एवढी उठाठेव कशाला. बारके आयटम जवळच्या फाउंड्रीत टाका, भाव जास्त पडला तरी डोक्याला ताप नाही. आणि मोठी बॉडी अडली की विमानानं मागवा.

रनर_रायझर

बारक्या आयटमचं म्हणणं चुकीचं नाही, पण पॅटर्न उचलून दुसरीकडे नेला आणि सुरू झालं असं होत नाही. मोल्ड बॉक्सचा साइज वेगळा, गेटिंग (धातू साच्यात जायची वाट) वेगळं, मॅच प्लेटचा (मशिन मोल्डिंगचा) पॅटर्न हॅन्ड मोल्डिंगला चालेल पण उलट चालत नाही. बहुतेक वेळा टूलिंग नवीन किंवा अर्धं नवीन, मग परत सॅम्पल, परत अप्रूव्हल. दोन-तीन महिने सहज. करायचं तर शांत काळात करून ठेवा, आग लागल्यावर नाही.

आकडेमोड

पर्चेसवाला, साहेबांना पटवायला आकडे लागतील ते मी देते, तुमच्याच आकड्यांवर. मी प्लॅनिंगमध्येच आहे, माल दुसरा आहे पण गणित तेच.

मागणी आठवड्याला 200, तिचं प्रमाण विचलन (सरासरीपासून किती हलते ते) 40 धरू, तुमच्या 150-250 वरून ते बरोबर वाटतं. लीड टाइम सरासरी 14 आठवडे, आणि तो 12 ते 17 हलतो म्हणजे विचलन ढोबळ मानाने 2 आठवडे. सेफ्टी स्टॉकचं नेहमीचं सूत्र असं आहे: लीड टाइम गुणिले मागणीच्या विचलनाचा वर्ग, अधिक मागणीचा वर्ग गुणिले लीड टाइमच्या विचलनाचा वर्ग, या बेरजेचं वर्गमूळ काढायचं आणि 95 टक्के भरवशासाठी 1.65 ने गुणायचं.

पहिला भाग 14 गुणिले 1,600 म्हणजे 22,400. दुसरा भाग 40,000 गुणिले 4 म्हणजे 1,60,000. इथेच थांबून बघा जरा, दुसरा भाग पहिल्याच्या सातपट आहे. बेरजेचं वर्गमूळ 427, म्हणजे सेफ्टी स्टॉक साधारण 705 नग, साडेतीन आठवड्यांचा.

आता साहेबांचं ऐकू. लीड टाइम 10 वर आणला पण हलणं तेवढंच राहिलं. पहिला भाग 16,000 होतो, दुसरा तसाच, सेफ्टी स्टॉक 692. एवढी भांडाभांडी करून 13 नग वाचले!

त्याऐवजी लीड टाइम 14 च राहू द्या पण त्याचं हलणं 2 वरून 1 आठवड्यावर आणा. 22,400 अधिक 40,000, सेफ्टी स्टॉक 412. जवळजवळ 290 नग कमी झाले, म्हणजे पाच टनांच्या वर लोखंड तुमच्या स्टोअरमधून गेलं.

साहेबांवर अन्याय नको म्हणून हेही सांगते की लीड टाइम चार आठवड्यांनी घटला तर वाटेतला माल 800 नगांनी कमी होतो, त्यात अडकलेला पैसा सुटतो, आणि डिझाइन बदललं तर बाद होणारा मालही कमी. म्हणजे 10 आठवडे वाईट नाहीत. फक्त तुमचा आजचा त्रास त्याने जाणार नाही. आणि जी फाउंड्री 14 मध्ये माल देताना तीन आठवडे इकडेतिकडे होतेय तिच्याकडून 10 ची बोली लिहून घेतली तर उशीर पहिल्या दिवसापासून सुरू होईल, एवढंच.

तुम्ही महिन्यातून एकदाच ऑर्डर बघत असाल तर ते चार आठवडेही लीड टाइममध्ये मिळवायचे असतात, इथे त्याने आकडा 705 वरून 717 होतो, फार नाही. आणि एक मोठी अडचण या सूत्रातच आहे. ते धरून चालतं की उशीर आणि लवकर सारख्याच प्रमाणात होतं. कास्टिंगमध्ये तसं नसतं, लवकर झालं तर दोन आठवडे, पण उशीराला तळ नाही. म्हणून गेल्या दोनेक वर्षांतली प्रत्येक शिपमेंट घ्या, पीओची तारीख, ओतल्याची, पॅक झाल्याची, जहाज सुटल्याची, दारात आल्याची, असे पाच रकाने करा आणि प्रत्येक टप्प्याचा हेलकावा वेगळा काढा. कोणता टप्पा हलतोय ते कळल्याशिवाय कोणाशी भांडणार?

बिल_ऑफ_लेडिंग

शिपिंगवाला बोलतोय. वर सगळ्यांनी समुद्र सरळ रेष असल्यासारखा धरलाय, तसा तो बऱ्याचदा असतो पण नसतो तेव्हा फारच नसतो.

पहिली गोष्ट, शिपिंग लाइन जे 28 दिवस सांगते ते पोर्ट टू पोर्ट. तुम्हाला हवंय गेट टू गेट. जहाजाच्या आधी कट-ऑफ असतो, काही दिवस आधी कंटेनर यार्डात लागतो, आणि 1 जुलै 2016 पासून भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं वजन दिल्याशिवाय तो जहाजावर चढत नाही. फाउंड्रीने ते वजन उशिरा दिलं, कट-ऑफ चुकला, की पुढचं जहाज आठवड्याने. म्हणजे एका दिवसाच्या ढिलाईचा दंड सात दिवस. वाटेत ट्रान्सशिपमेंट असेल तर तिथे अजून एकदा तोच खेळ, पहिलं जहाज लेट झालं की दुसरं निघून गेलेलं. भाव थोडा जास्त असला तरी डायरेक्ट सर्व्हिस मिळत असेल तर घ्या, ताईंचं गणित बघितलंत ना, हलणं कमी होणं हीच कमाई आहे.

कास्टिंगला 20 फुटीच लागतो हे बरोबर. 20 आणि 40 फुटी दोन्हीचं एकूण कमाल वजन जवळपास सारखंच, बहुतेक कंटेनरला 30,480 किलो, त्यामुळे लोखंडासाठी 40 फुटी म्हणजे जागेचं भाडं भरून हवा आणणं. पण 24 टन भरण्याआधी दोन्हीकडच्या रस्त्यांची वजनमर्यादा बघा, काही देशांत एवढा जड 20 फुटी साध्या ट्रेलरवर चालत नाही आणि मग बंदरात पडून राहतो. तिथे डेमरेजचं (माल बंदरात पडून राहिल्याच्या दंडाचं) मीटर सुरू.

कॅलेंडर. फाउंड्री चीनमध्ये असेल तर चिनी नववर्ष 21 जानेवारी ते 20 फेब्रुवारी यात कुठेही पडतं, 2026 मध्ये 17 फेब्रुवारी, 2027 मध्ये 6 फेब्रुवारी. गेल्या वर्षीचं शेड्यूल कॉपी करून तारखा बदलणारे इथेच मार खातात. सरकारी सुट्टी आठवडाभराची, पण कामगार लांब गावी गेलेले, सगळे परत येऊन लाइन नीट चालायला तीन-चार आठवडे जातात. सुट्टीच्या आधी जो तो आपला माल बाहेर काढायला बघतो, जहाजं भरलेली, बुकिंग असूनही कंटेनर पुढच्या जहाजावर ढकलतात. ऑक्टोबरच्या 1 तारखेपासून परत एक आठवडा. युरोपातली फाउंड्री असेल तर उन्हाळ्याची सुट्टी धरा, बरेच जण तेव्हाच भट्टीची लाइनिंग वगैरे मोठी दुरुस्ती काढतात. त्यांची वर्षभराची बंदची यादी डिसेंबरमध्येच लेखी घ्या.

आणि मोठे झटके. मार्च 2021 मध्ये एव्हर गिव्हन हे कंटेनर जहाज सुएझ कालव्यात आडवं झालं, 23 ते 29, सहा दिवस, पण मागची रांग आणि नंतर बंदरांवर एकदम आलेली गर्दी निस्तरायला कितीतरी आठवडे गेले. त्या जहाजावरचा माल तर जुलैपर्यंत तिथेच अडकला, आणि मालकाने जनरल अ‍ॅव्हरेज (नुकसान सगळ्या मालवाल्यांत वाटून घ्यायचा नियम) जाहीर केल्यावर माल सोडवायला मालवाल्यांना हमी द्यावी लागली. ज्यांचा विमा नव्हता त्यांचं काय झालं असेल विचार करा. 2023 च्या शेवटापासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे लाइनी केप ऑफ गुड होपला वळसा घालायला लागल्या, आशिया-युरोपला दहा ते चौदा दिवस वाढले. असल्या गोष्टींसाठी सेफ्टी स्टॉक ठेवायचा नसतो, परवडणारच नाही. त्यासाठी विमानाचा दर आधी विचारून ठेवणे आणि कोणता आयटम विमानाने आणायच्या लायकीचा आहे याची यादी तयार ठेवणे, बस.

सरळ_बोलतो

मी तेच म्हटलं होतं विमानाने आणा

बिल_ऑफ_लेडिंग

हो पण तुम्ही मोठी बॉडी म्हणालात. 200 नग म्हणजे 3.6 टन, एका आठवड्याचं पोट भरायला. विमानाने आणायचे ते बारके, 40 नगवाले, ज्यांच्याविना अख्खा पंप अडतो. मोठ्या बॉडीचा स्टॉक ठेवा, बारक्याला विमान. लोक नेमकं उलटं करतात, कारण आरडाओरडा मोठ्या बॉडीचा जास्त होतो.

गेज_आणि_घासणी

सगळं वाचलं, छान आहे, पण सगळेजण येणारा नग चांगलाच आहे असं धरून चाललेत. मी क्वालिटीत आहे, माझं दुखणं सांगतो.

समुद्रात पाच आठवडे म्हणजे तुमचे 1,000 नग कायम पाण्यावर. त्याच्या मागे फाउंड्रीत ओतलेले-घासलेले चार-पाचशे. आता कोअर थोडा सरकायला लागला, एका बाजूची भिंत जाड आणि दुसरी पातळ. बाहेरून काही दिसत नाही. तुम्हाला कळतं कधी, मशिनवर बोअर मारताना. तोपर्यंत तोच दोष असलेले दीड हजार नग तुमच्या मागे रांगेत उभे. आणि तुमचा तो 705 चा सेफ्टी स्टॉक, तोही त्याच पॅटर्नचा! गणितात तो स्टॉक आहे, मशिनवर तो भंगार आहे.

म्हणून शेड्यूलमध्ये एक टप्पा घुसवा. प्रत्येक रनमधून पहिले दोन नग कुरियरने मागवा, कंटेनर पॅक होऊन जहाज पकडेपर्यंत तेवढा वेळ असतो. इकडे ते मशिन करून बघा, एक कापून बघा. ठीक असेल तर कंटेनर सोडा म्हणून कळवा. कुरियरचा खर्च लोकांना जड वाटतो, 24 टन लोखंड परत पाठवायचा खर्च कधी काढून बघितलाय का, परत कोणी पाठवतच नाही, तिथेच भंगारात जातं आणि डेबिट नोटवर वर्षभर मेलामेली.

कास्टिंगवर रनची तारीख किंवा हीट नंबर (भट्टीच्या कोणत्या वितळीचा माल ते) ओतीव अक्षरात हवाच, आणि ईएन 10204 चं 3.1 सर्टिफिकेट (मालाच्या चाचणीचा दाखला) त्याच हीटचं. नाहीतर दोष सापडल्यावर कोणता कंटेनर थांबवायचा ते कळत नाही आणि सगळेच थांबवावे लागतात. स्टोअरमध्ये जुना माल आधी हे पाळा, बहुतेक ठिकाणी पुढचं क्रेट आधी उघडतात.

रिजेक्शन शेड्यूलमध्येच धरा. मशिनिंगला ब्लोहोल (वायूची भोकं), श्रिंकेज (आकसून पडलेली पोकळी) निघून 4 टक्के जात असतील तर 200 चांगल्या नगांसाठी साधारण 208 मागवायला हवेत. आठवड्याला 8 म्हणजे काही नाही वाटतं, वर्षाला 400 च्या वर होतात, म्हणजे तुमचे दोन आठवडे कुठेतरी गळतायत आणि तुम्ही फाउंड्रीच्या उशीराला दोष देताय.

गंज हा पण उशीरच समजा. समुद्रात दिवस-रात्र तापमान बदललं की कंटेनरच्या छपरातून पाणी टपकतं, लोखंड ते प्यायला तयारच. व्हीसीआयची (गंज रोखणारी वाफ सोडणारी) पिशवी, सुकवणारी पाकिटं, आणि क्रेटचं लाकूड सुकं. लाकडाला आयएसपीएम 15 चा (लाकडी पॅकिंगमधल्या किडीबद्दलच्या आंतरराष्ट्रीय नियमाचा) शिक्का बघा, बहुतेक वेळा ते आतून 56 डिग्रीला 30 मिनिटं तापवलेलं असतं, शिक्का नसला तर माल बंदरातच अडकतो. लाल होऊन आलेला माल परत शॉटब्लास्टला गेला की गेला आठवडा.

आता नवीन केसिंग. प्रॉडक्शनला एक तारीख सांगूच नका. पॅटर्न आणि कोअर बॉक्सला सहा ते दहा आठवडे, पहिलं सॅम्पल ओतून तपासून यायला तीन-चार, तुमच्याकडे मोजमाप आणि मशिनिंग ट्रायलला दोन. आणि मग पॅटर्न दुरुस्ती, ती लागतेच. ग्रे आयर्न आकसतं साधारण 1 टक्का, स्टील 2 च्या आसपास, पण कोअर असलेलं केसिंग सगळीकडे सारखं आकसत नाही, त्यामुळे पहिल्या सॅम्पलमध्ये एखादं माप हललेलं असणारच. दुसरी फेरी शेड्यूलमध्ये धरूनच चला, लागली नाही तर आनंद. पॅटर्न बनायच्या आधी फाउंड्रीच्या माणसाबरोबर ड्रॉइंगवर बसा, मशिनिंगला किती माल सोडायचा, आयएसओ 8062 चा (कास्टिंगच्या मापात किती फरक चालेल त्याचा) कोणता ग्रेड, डेटम (मापं जिथून घ्यायची त्या जागा) कुठले, हे तिथेच मिटवा. एक दिवसाची मीटिंग महिनाभर वाचवते, आणि तीच मीटिंग सगळे टाळतात.

पर्चेसवाला

मंडळी, खरंच आभारी आहे, एवढं अपेक्षित नव्हतं. आकडेमोड ताई, तुम्ही म्हणालात तसे पाच रकाने केले. जहाज सुटल्यापासून दारात येईपर्यंतचा काळ फारसा हलतच नाही, पाच-सहा दिवस इकडे-तिकडे. सगळा गोंधळ पीओ ते ओतणं यातच आहे, आणि बारक्या आयटममध्ये तर भयंकर, एक आयटम कधी तीन आठवड्यांत ओतलाय कधी नऊ. इतके दिवस मी शिपिंग कंपनीच्या नावानं बोटं मोडत होतो. रनर_रायझर दादांचं रांगेचं म्हणणं शंभर टक्के.

आता अडचण अशी की कंटेनर गच्च भरायचा नियम काही साहेब सोडत नाहीत. दर चार आठवड्यांनी 24 टन. तीन आठवड्यांनी 18 टन केलं तर?

आकडेमोड

वर्षाला 13 कंटेनरच्या जागी 17, म्हणजे चार कंटेनरचं भाडं जास्त. त्याच्या समोर असेंब्ली बंद पडल्याचे दिवस आणि गेल्या वर्षी घाईत विमानाने आणलेल्या मालाचं बिल ठेवा, साहेबांना तेवढं पुरेल. शिवाय एक कंटेनर चुकला तर भोक चार आठवड्यांऐवजी तीनचं पडतं. 18 टनाला रस्त्याच्या वजनाची कटकटही नाही. पण आधी रांग सोडवा, कारण बारके आयटम ओतलेच नसतील तर कंटेनर तीन आठवड्यांनी काय आणि एका आठवड्याने काय.

रनर_रायझर

हो, आणि त्या रांगेवर एक उपाय आहे जो फाउंड्रीवाल्यालाही आवडतो. त्याला बारका आयटम दर महिन्याला 40 नको असतो, तिमाहीला 120 चालतो, एकदा पॅटर्न चढवला की सपाटून ओतायचं. तर तसं ओतू द्या. 120 ओता, 40 या कंटेनरला, उरलेले 80 तेलपाणी करून फाउंड्रीच्या गोडाऊनमध्ये. मोठ्या बॉडीचेही 400 नग तसेच तयार ठेवायला सांगा. कंटेनर भरायचा तो या तयार मालातून, लाइनवरून थेट नाही. मग आज भट्टी बंद पडली किंवा रन एक आठवडा पुढे गेली तरी तुमच्या कंटेनरला त्याचा पत्ता लागत नाही, आणि तुमचं लीड टाइम म्हणजे पॅकिंग ते दार एवढंच उरतं, जे तुमच्याच रकान्यांनुसार हलत नाही.

फुकट होत नाही हे. त्या तयार मालाची जबाबदारी लेखी घ्यावी लागते, अमुक महिन्यांत उचलला नाही तर आम्ही पैसे देऊ असं. ड्रॉइंग बदलायची सवय असेल तर ज्या आयटमचं डिझाइन अजून हलतंय तो यात घालू नका, नवीन केसिंग तर अजिबात नको.

गेज_आणि_घासणी

आणि तो गोडाऊनमधला माल रनवारी वेगळा ठेवायला सांगा, एका ढिगात नको. पहिले दोन नग मशिन होऊन ओके आल्याशिवाय ती रन तयार मालात धरायची नाही.

पर्चेसवाला

हे साहेबांना विकता येईल असं वाटतंय, कारण यात "लीड टाइम 7 आठवडे" असं लिहिता येतं, त्यांच्या 10 पेक्षा पण कमी 😄 उद्या फाउंड्रीबरोबर कॉल आहे. बारक्या सहा आयटमपासून सुरू करतो, तिमाहीची रन आणि तयार माल. ते तीन आकडे पण उद्यापासूनच मागतो, दर सोमवारी.

रनर_रायझर

सोमवारी नको, शुक्रवारी मागा. सोमवारचा आकडा शनिवार-रविवार धरून फुगवता येतो, "आज संध्याकाळपर्यंत होतील" म्हणून. आणि "प्रॉडक्शन किती झालं" असं विचारलंत तर ओतलेले सांगतील. फेटलिंग होऊन पास झालेले किती, असंच विचारा, आयटमचं नाव घेऊन.